अण्णांची गाठ, आत्याची गाठ, माझी गाठ

फिओक्रोमोसायटोमा हा शब्द आमच्या तहसील कार्यालयात शिपायापासून नायब तहसीलदारांपर्यंत कुणालाच एका दमात म्हणता आला नाही. शेवटी 'मॅडमची किडनीवरची गाठ' एवढ्यावर सगळ्यांनी भागवलं. ती किडनीवर नव्हती. किडनीच्या वर ॲड्रिनल नावाची बोटभर ग्रंथी असते, तिच्यात होती आणि तिथून नॉरॲड्रिनलिन हे बीपी चढवणारं संप्रेरक रक्तात सोडत होती. बसल्या जागी दरदरून घाम, छातीत धडधड, डोकं फुटेल असं दुखणं, पंधरा-वीस मिनिटांनी सगळं शांत. मार्चएंडला झालं तेव्हा कामाचा ताण ठरला, जूनमध्ये झालं तेव्हा पाळी जायची वेळ आली असं ठरलं. सांगलीच्या एका फिजिशियनना मात्र त्रेचाळीस वर्षांच्या बाईचं बीपी मधूनच २१०वर जाऊन परत १३०ला येतं हे पटेना. त्यांनी प्लाझ्मा मेटानेफ्रिन्स ही रक्ताची तपासणी सांगितली; ॲड्रिनलिन मोडून मेटानेफ्रिन होतं आणि नॉरॲड्रिनलिन मोडून नॉरमेटानेफ्रिन, ते यात मोजतात. मग सीटी स्कॅन, मग मुंबई. आधी बीपी आवरायला प्राझोसिनच्या गोळ्या, भरपूर पाणी, जेवणात मुद्दाम जास्तीचं मीठ, आणि नंतर दुर्बिणीतून ऑपरेशन. ऑपरेशनवर मी फार लिहीत नाही. ते भूल देऊन होतं, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

लिहायचंय ते त्यानंतरचं. टाके सुकले, बीपीची गोळी बंद झाली, मी कामावर रुजूही झाले. फेरतपासणीला गेले तर एंडोक्राइनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टर, मॅडम म्हणाल्या, "आता जेनेटिक टेस्ट करून घेऊ."

मी विचारलं, गाठ तर काढली, आता कशाला?

त्यांनी सांगितलं ते असं. जुन्या पुस्तकांत या गाठींना दहा टक्क्यांचा नियम होता: दहा टक्के दोन्ही बाजूंना, दहा टक्के पसरणाऱ्या, दहा टक्के आनुवंशिक. त्यातला आनुवंशिकतेचा आकडा आता साफ मोडीत निघालाय. फिओक्रोमोसायटोमा आणि तिची बहीण पॅरागँग्लिओमा (तशीच गाठ, पण ॲड्रिनलच्या बाहेर, मानेत वगैरे होणारी), या गाठींच्या दर तीन रुग्णांमागे साधारण एकाच्या रक्तातच, म्हणजे जन्मापासून प्रत्येक पेशीत, दोष सापडतो. मुंबईच्या केईएमच्या एंडोक्राइन विभागानं भारतीय रुग्णांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातही प्रमाण साधारण तेवढंच आलं, आणि सर्वांत जास्त सापडला तो व्हीएचएल नावाचा जनुक. म्हणून या गाठीच्या प्रत्येक रुग्णाला चाचणी सुचवायची, घरात कुणाला काही असो वा नसो. त्यातून माझ्या जुन्या रिपोर्टमध्ये मेटानेफ्रिन नॉर्मल होतं आणि नॉरमेटानेफ्रिन तेवढं कितीतरी पट वाढलेलं. "रेट जनुकाच्या गाठी सहसा दोन्ही वाढवतात. तुमचा नमुना व्हीएचएल किंवा एसडीएच गटातल्या जनुकांकडे बोट दाखवतोय," म्हणाल्या. एका जुन्या कागदावरून एवढं वाचता येतं, याचं मला कौतुक वाटलं.

जेनेटिक काउन्सेलर म्हणजे तिशीच्या आतली एक मुलगी. तिनं कोरा कागद आडवा धरला आणि पेन्सिलीनं माझं घराणं काढायला घेतलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वारलेल्यावर तिरकी रेघ. वंशावळी बघण्यात माझी नोकरी गेलीय. पण आमच्याकडे जातीच्या दाखल्यासाठी जी वंशावळ येते ती बापाकडून बापाकडे सरळ वर चढते. लेकी आणि आत्या त्यात नसतातच. हिनं आत्याला गोल काढून तिच्याखाली तिची मुलं आणि मुलांची मुलं लावली, आणि प्रश्न सुरू केले. तरुणपणी कुणाला बीपी? कुणी अचानक गेलं का? ऑपरेशनच्या टेबलावर कुणाला काही झालं का? कुणाच्या मानेत गाठ?

मानेत गाठ म्हटल्यावर मला अण्णा आठवले. अण्णा म्हणजे माझे वडील. जबड्याखाली उजवीकडे लिंबाएवढी गाठ, वीस वर्षं तरी तिथेच. दुखत नाही, खुपत नाही. गावात तिला गलगंड म्हणतात. आणि आत्याच्या मानेचं ऑपरेशन मी शाळेत असताना मिरजेला झालं होतं. रक्त थांबेना म्हणून अर्ध्यावर शिवून टाकलं, असं घरात बोललं जायचं. तेव्हापासून आत्याचा आवाज घोगरा. आजोबा बांधावर चक्कर येऊन पडले ते उठलेच नाहीत. त्याला सगळे 'हार्ट' म्हणतात. काउन्सेलरनं यातलं काही ठळक केलं नाही, काही पुसलं नाही. अण्णांचा चौकोन आणि आत्याचा गोल तेवढे अर्धे काळे केले.

संमतीचा फॉर्म तिनं ओळीनं वाचून दाखवला. सही करण्याआधी फॉर्म वाचणारी माणसं मी ऑफिसात क्वचित पाहिलीत, इथं वाचून दाखवणारी पाहिली. निकाल होय किंवा नाही असा येईलच असं नाही. शोधत नसलेलं काहीतरी वेगळंच सापडू शकतं. ते कळवायचं की नाही हे आत्ताच ठरवा. आणि घरातल्या अनेकांची तपासणी झाली तर नात्यांबद्दलच्या अनपेक्षित गोष्टी उघड होऊ शकतात. या शेवटच्या वाक्यावर माझे यजमान खोकले.

रक्त घ्यायला मिनिट लागलं. जांभळ्या झाकणाची एक ट्यूब. पैसे पाच आकडी. वैद्यकीय प्रतिपूर्तीत ही चाचणी बसते का, यावर आमच्याच खात्यात मतभेद आहेत, आणि माझी फाईल माझ्याच ओळखीच्या टेबलांवरून अजून फिरते आहे.

बाहेर बाकावर कऱ्हाडकडच्या एक बाई भेटल्या. त्यांना थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर, आणि रक्तात रेट जनुकाचा दोष निघालेला. त्यांची चार वर्षांची मुलगी मांडीवर बिस्किट खात होती. तिच्यातही तोच दोष आला, म्हणून तिची थायरॉइड पाच वर्षांची व्हायच्या आत काढायची ठरली होती. कॅन्सर झालेला नाही. होऊ नये म्हणून. रेटमध्ये दोष नेमका कुठल्या जागी आहे यावर ऑपरेशनचं वय ठरतं, काही जागांसाठी तर पहिल्या वर्षातच, हे मला त्या बाईंनी सांगितलं. सातवी शिकलेल्या होत्या. "६३४ नंबर हाय आमचा," म्हणाल्या, गट नंबर सांगावा तसं.

माझा रिपोर्ट महिन्याभरात आला. व्हीएचएल स्वच्छ, रेट स्वच्छ, एसडीएचबी स्वच्छ. एसडीएचडी या जनुकात मात्र एका अक्षराचा बदल, आणि त्यापुढे लिहिलेलं: व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स. म्हणजे बदल आहे, पण त्यानं आजार होतो की तो निरुपद्रवी आहे, हे सांगता येत नाही. अशा बदलांचे पाच वर्ग असतात, नक्की रोगकारक ते नक्की निरुपद्रवी, आणि माझा बरोबर मधला. आपल्या लोकांना हा मधला शिक्का जास्त बसतो, कारण जगातल्या जनुकांच्या मोठ्या संग्रहांत युरोपीय वंशाची माणसं भरपूर आणि आपण थोडे. त्यांच्या यादीत बदल दिसला नाही तर तो खरंच दुर्मीळ आहे की आपल्याकडचा नेहमीचाच, हे कसं कळणार?

मला राग आला होता. एवढे पैसे, एवढी वाट पाहणं, आणि हातात 'सांगता येत नाही'. मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, "या रिपोर्टवरून घरातल्या निरोगी माणसांची तपासणी करायची नाही, कुणाला घाबरवायचंही नाही. आधी गाठीला विचारू."

गाठ तर काढून टाकली होती. पण काढलेली गाठ टाकून देत नाहीत. तिचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. ऑपरेशन एका ठिकाणी, जनुकांचं काम दुसऱ्या ठिकाणी, त्यामुळे ब्लॉक मिळवणं हे माझ्याकडे आलं. अर्ज, डॉक्टरांचं पत्र, ओळखपत्राची प्रत, डिपॉझिटची पावती. खिडकीवरच्या माणसानं अर्ज दोनदा परत केला. एकदा रजिस्टर नंबर नव्हता म्हणून, एकदा होता पण वर्ष नव्हतं म्हणून. मी काही बोलले नाही. आमच्या खिडकीवर वेगळं काय होतं? शेवटी हातात आली ती एक छोटी बंद पिशवी. आत काडेपेटीच्या अर्ध्या आकाराची प्लॅस्टिकची चौकट, कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर, वर पांढरं मेण आणि मेणात नखाएवढा तपकिरी तुकडा. याच्यापायी माझं बीपी २१०ला जात होतं. मी ती पिशवी पर्समध्ये ठेवायला कचरले, मग डब्याच्या पिशवीत ठेवली, मग तिथून काढून परत पर्समध्ये ठेवली.

पॅथॉलॉजिस्ट सरांनी पुढे जे दाखवलं ते मी विसरणार नाही. एकाच स्लाइडवर दोघांना बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. तपासणीचं नाव एसडीएचबी इम्युनो. एसडीएच हे प्रत्येक पेशीत इंधन जाळायच्या कामाला लागणारं एन्झाइम; त्याचे ए, बी, सी, डी असे चार भाग. चौघांतला एक जरी बिघडला तरी जोडणी सुटते आणि बी हा भाग टिकत नाही. म्हणून दोष डीमध्ये असला तरी डाग बीसाठी लावतात. बी असेल तिथे तपकिरी रंग येतो. सरांनी बाण सरकवला: गाठीत घुसलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या कडा तपकिरी, दाणेदार, कॉफीची भुकटी सांडल्यासारख्या. त्यांच्या मधोमध गाठीच्या पेशींचे पुंजके, फिकट निळे, कोरे. "वाहिन्या तुमच्या निरोगी पेशींच्या आहेत, म्हणून रंग आलाय. म्हणजे डाग नीट लागलाय. गाठीत रंग नाही. म्हणजे गाठीत एसडीएच मोडलंय." इतकं सरळ मला त्या सगळ्या काळात कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर गाठीच्या डीएनएचीही तपासणी झाली. इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि ती मला तीनदा समजावून घ्यावी लागली. गाठीत सापडलेला प्रत्येक दोष वारशानं आलेला नसतो. पुष्कळ दोष त्या गाठीपुरते, त्या एका पेशीत पुढे कधीतरी झालेले असतात, आणि ते मुलाबाळांत जात नाहीत. म्हणून नुसती गाठ तपासून घराण्याबद्दल बोलता येत नाही आणि नुसतं रक्त तपासून त्या दोषानंच गाठ झाली असं म्हणता येत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. माझ्या रक्तात एसडीएचडीच्या दोन प्रतींपैकी एक बदललेली, एक चांगली. गाठीत जवळपास बदललेलीच उरलेली. चांगली प्रत जिच्यावर होती ते अकरा नंबरचं गुणसूत्रच गाठीनं गमावलं होतं.

आता राहिलं घराणं. ज्यांना गाठ आहे त्यांच्यात हाच बदल असेल तर पुरावा आणखी पक्का होतो. त्यासाठी अण्णा आणि आत्या. एकच अक्षर तपासायचं असल्यामुळे खर्च फार कमी.

अण्णांनी काहीच विचारलं नाही, बाही वर केली. त्याआधी मॅडमनी त्यांची गाठ दोन बोटांत धरून हलवून पाहिली. आडवी हलत होती, वरखाली नाही. आणि गिळताना वर सरकत नव्हती, म्हणजे थायरॉइडची नाही. मानेत मेंदूकडे जाणारी धमनी जिथे दुभागते तिथली गाठ अशी वागते. "कुणी सुई घालून तुकडा काढला नाही ना?" त्यांनी विचारलं. नव्हता काढला. "बरं झालं," म्हणाल्या. या गाठींना रक्तपुरवठा फार. मिरजेला आत्याचं रक्त का थांबत नव्हतं, ते तिथे उभ्याउभ्या मला कळलं. त्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. एसडीएचडी जनुकाचा या गाठींशी संबंध २००० साली कळला. आत्याचं ऑपरेशन त्याच्या कितीतरी आधीचं.

आत्या शिरोळला असते. फोनवर घोगऱ्या आवाजात म्हणाली, "येतो की मी. रगात द्यायचं तर देतो. तीस वरसं झाली, एवढ्यानं तरी कळूंदे काय हुतं ते."

दोघांतही तोच बदल निघाला. सगळं एकत्र करून लॅबनं सुधारित रिपोर्ट दिला. 'सांगता येत नाही'च्या जागी आता 'बहुधा रोगकारक' आलं. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

एसडीएचडीची तऱ्हा निराळी आहे. बदललेली प्रत बापाकडून आली तर आजार होतो. आईकडून आली तर मूल वाहक असतं, पण आजार सहसा होत नाही. अपवाद अगदी तुरळक. अण्णा आणि आत्या दोघांनाही गाठ, म्हणजे दोघांना ती आजोबांकडून आलेली. माझ्या मुलाला आणि मुलीला ती माझ्याकडून मिळाली असेल-नसेल, शक्यता निम्मी, पण त्यांना गाठी व्हायची भीती जवळपास नाही. हे ऐकून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पुढचं वाक्य मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. माझ्या मुलात तो बदल असला तर त्याच्या मुलांना धोका आहे. आजार एक पिढी गप्प राहतो आणि मग पुन्हा उभा राहतो. मुलगा सोळाचा आहे. अठराचा झाला की त्याचं तो ठरवेल.

खरा फटका माझ्या भावाच्या घराला. भाऊ पुण्यात असतो. त्याच्यातही बदल निघाला; त्याचा एमआरआय सध्या स्वच्छ आहे. त्याची मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठचा. मोठ्या वयात होणाऱ्या आजारांसाठी लहान मुलांची चाचणी करू नये असा संकेत आहे, पण इथे देखरेखच दहा ते पंधराच्या दरम्यान सुरू करायची असते, म्हणून मुलीची चाचणी आत्ता, मुलाची थोडी थांबून. बदल नसेल तर ती कायमची सुटली. असेल तर दरवर्षी बीपी आणि मेटानेफ्रिन्स, दोन-तीन वर्षांनी मानेपासून ओटीपोटापर्यंत एमआरआय. वहिनी सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "म्हणजे तुमच्या घराकडून आलं." यावर काय बोलणार? आमच्याच घराकडून आलं.

भावानं इन्शुरन्सचं विचारलं. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं 'आनुवंशिक आजार' एवढंच सरसकट कारण देऊन दावा नाकारणं हा भेदभाव आहे असा निकाल दिला आहे, पण जनुकीय माहितीवरून भेदभाव करू नये असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. काउन्सेलरनं सांगितलं, लपवू नका आणि विचारल्याशिवाय वाटतही फिरू नका. मला ते उत्तर सरकारी वाटलं, पण दुसरं कुठलं उत्तर असतं असंही वाटत नाही.

माझं स्वतःचं गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन झालं. एसडीएचच्या गाठी त्यात चांगल्या उजळतात. मानेत डावीकडे एक बारका ठिपका उजळला. काढायचा नाही, मोजत राहायचं. आता माझी पण मानेत गाठ आहे, अण्णांसारखी.

राहिले काका. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, म्हणजे आजोबांचा आणखी एक मुलगा. शक्यता निम्मी, आणि त्यांची मुलं म्हणजे बापाकडूनची. कागदावर सर्वांत निकडीचं घर हेच होतं. आणि त्यांचं आमचं वाटपाचा दावा कोर्टात गेल्यापासून बोलणं नाही. मी आत्याला मध्ये घालून निरोप धाडला. काकांचं उत्तर आलं, "रगात घेऊन उद्या कोर्टात लावायचं असंल, की ह्यो आमच्या बापाचाच न्हवं म्हणून." मी हसले, पण महसूल खात्यात इतकी वर्षं काढल्यावर ही भीती मला वेडगळ वाटत नाही.

काउन्सेलरकडे अशा वेळेसाठी नातेवाइकांना द्यायचं पत्र असतं. त्यात रुग्णाचं नाव नसतं. जनुक, बदल, काय लक्षणं बघायची, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, एवढंच. कुठल्याही ऑपरेशनआधी किंवा भूल घेण्याआधी हे डॉक्टरांना दाखवा, अशी ओळ ठळक. आमच्या खात्यात नोटीस बजावली की पोच घेतात, नाही घेतली तर दाराला चिकटवतात. इथे तसं चालत नाही. घ्यायचं की नाही हे घेणाऱ्यानं ठरवायचं. मी ते पत्र काकांना न पाठवता त्यांच्या थोरल्या मुलाला व्हॉट्सॲप केलं. तो एसटीत ड्रायव्हर आहे, अडतीस वर्षांचा, बीपीची गोळी चालू.

दोन निळ्या खुणा आल्या आणि बरेच दिवस काही नाही. मग एका रात्री फोन आला. "ताई, त्यात घाम आन् धडधड लिवलंय, ते किती वेळ टिकतंय?" मी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हटलं, जनुकाचं राहू दे, आधी मेटानेफ्रिन्स करून घे, आणि कुणी नुसती धडधड कमी करायची बीटा ब्लॉकरची गोळी दिली तर हे पत्र दाखवल्याशिवाय घेऊ नकोस; अशी गाठ असली तर ती एकटी गोळी बीपी भडकवू शकते.

"करतो. पर आबांना कळता कामा न्हई."

"बरं."

"आन् त्यो फॉर्म?"

दाव्याची तारीख पुढच्या गुरुवारी आहे. कोर्टात भेटूच, तेव्हा देते म्हटलं.